उलुरू: चढाई बंद झाल्यानंतर वडिलांना तिथे काय दाखवावे?

कृष्णाकाठ (मेलबर्न)

नमस्कार. येत्या जूनमध्ये माझे आई-वडील सांगलीहून आमच्याकडे येत आहेत आणि त्यांना घेऊन ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील उलुरू या प्रचंड खडकापाशी चार दिवस जाण्याचा बेत आहे. वडील ६८ वर्षांचे आहेत. सह्याद्रीतील किल्ले त्यांनी उमेदीच्या काळात पायाखाली घातले असून गेल्या दोन वर्षांत डावा गुडघा कुरकुरू लागला असला तरी चालण्याची हौस गेलेली नाही. अडचण अशी की त्यांच्या एका मित्राने १९९६ साली साखळीला धरून उलुरू चढल्याचा फोटो त्यांनी इतक्या वेळा पाहिला आहे, की उलुरू म्हणजे चढायची गोष्ट हे त्यांच्या मनात पक्के बसले आहे. आता चढाई बंद झाल्याचे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पाचाडपर्यंत जायचे आणि रायगड खालूनच बघून परत यायचे?" यावर मला उत्तर सुचले नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. चढाई का बंद केली, हे त्यांना पटेल अशा शब्दांत कसे सांगावे? आणि तेथील आदिवासी समाजाच्या पवित्र जागांमध्ये वावरताना आमच्या हातून नकळत काही आगळीक होऊ नये म्हणून कोणती काळजी घ्यावी? विमान, हॉटेल यांची माहिती मिळाली आहे. ही माहिती मात्र कुठे नीट एकत्र सापडत नाही.

लालमाती

मी नोकरीनिमित्त पाच वर्षे मध्य ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज या शहरात होते आणि पाहुण्यांना घेऊन उलुरूला किमान दहा वेळा तरी गेले असेन, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आधी नावांविषयी. तेथील मूळ रहिवासी स्वतःला अणंगू म्हणवतात. रोमन लिपीत त्यांना या नावातील एका अक्षराखाली रेघ मारून उच्चार दाखवावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी सरळ 'ण' आहे, याचा मला तिथे उगाच अभिमान वाटत असे. त्यांच्या भाषा पिचंजजारा आणि यांकुनिजजारा. ज्याला आपण त्यांच्या पुराणकथा म्हणून मोकळे होतो, त्याला ते जुकुर्पा म्हणतात, आणि त्यात कथा, कायदा, नातेसंबंधांचे नियम, पाणी व अन्न कुठे मिळेल याचे ज्ञान असे सगळेच येते. खडकावरची एखादी भेग किंवा खळगा हा त्या कायद्याचा पुरावा असतो. एवढे एक लक्षात घेतले तर तेथील बाकीचे नियम आपोआप कळतात.

गोस नावाच्या गोऱ्या शोधकाने १८७३ साली या खडकाला एअर्स रॉक असे नाव दिले. जमिनीची मालकी अणंगूंना परत मिळायला २६ ऑक्टोबर १९८५ उजाडावे लागले, आणि तेव्हाही त्यांनी ती लगेच ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यान म्हणून सरकारकडे सोपवावी व पर्यटकांची चढाई चालू राहावी, असा सरकारचा आग्रह होता. म्हणजे मालक झाले, पण 'आमच्या घराच्या छपरावर चढू नका' असे बजावण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला नाही. पायथ्याशी फलक लावून विनंती करणे तेवढे उरले. पुढे २०१० च्या व्यवस्थापन आराखड्यात इतर अटींबरोबर असे ठरले की चढणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आले तर चढाई बंद करता येईल. प्रमाण त्याखाली आले, अणंगूंचे बहुमत असलेल्या मंडळाने २०१७ मध्ये निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, मालकी परत मिळाल्याला बरोबर ३४ वर्षे झाली त्या दिवशी, तो अमलात आला. १९६४ साली ठोकलेली साखळी नंतर काढून टाकण्यात आली.

आपल्या वडिलांना सांगण्याजोगी कारणे दोन. साखळीची वाट ज्या धारेवरून जात असे, ती माला नावाच्या पूर्वजांची वाट आहे. माला म्हणजे सशाएवढी छोटी वॉलबी, कांगारूच्या जातीचा प्राणी. ते उत्तरेकडून येथे विधीसाठी आले, तेव्हा त्या धारेवरून गेले, अशी परंपरा आहे, आणि अणंगू स्वतः तिथे चढत नाहीत. दुसरे कारण मला अधिक जवळचे वाटते. आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी यजमानाची, असे अणंगू मानतात. १९५० च्या दशकापासून या चढाईत ३७ माणसे दगावली; कोणी घसरून, बरेचसे हृदयविकाराने. ज्यांनी चढू नका असे सांगितले होते, त्यांनीच प्रत्येक वेळी त्याचे दुःख आणि ओझे वाहिले.

आता तिथे काय करावे, तर प्रदक्षिणा. मी हा शब्द मुद्दाम वापरत आहे, कारण पायथ्याची वाट १०.६ किलोमीटरची असून उद्यानाचा सल्ला असा की सकाळी लवकर माला येथील वाहनतळापासून निघावे आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालावे, म्हणजे खडक सतत आपल्या उजव्या हाताला राहतो. आईंना हे ऐकून बरे वाटेल. पूर्ण फेरीला साडेतीन-चार तास लागतात आणि वाट सपाट आहे. गुडघ्याने असहकार पुकारला तर दोन तुकडे पुरेत: मालाच्या वाटेने कांजू घळीपर्यंत जाऊन येऊन दोन किलोमीटर, आणि दक्षिणेकडच्या कुनिया वाटेने मुतिजुलू पाणवठ्यापर्यंत जाऊन येऊन एक किलोमीटर. दोन्ही ठिकाणी चाकाची खुर्चीसुद्धा जाते. मालाच्या वाटेवर उद्यानाचे रक्षक सकाळी विनामूल्य माहिती देत सोबत चालतात. ते चुकवू नका.

मुतिजुलूच्या पाणवठ्यापाशी मात्र घाई करू नका. दुरून गुळगुळीत वाटणारा खडक जवळून पाहिला की त्याला माशासारखे खवले दिसतात, वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे सुटावेत तसे. आणि वरून पाणी उतरण्याच्या जागी काळे ओघळ. कुनिया ही अजगर जातीची स्त्री आपल्या भाच्याच्या मृत्यूचा जाब विचारायला आली आणि तिने विषारी सापांच्या टोळीतल्या लिरूवर खणायच्या काठीने दोन घाव घातले, ते घाव तिथल्या कड्यावर दोन उभ्या भेगांच्या रूपाने दिसतात. पहिली भेग लहान, दुसरी खोल. रक्षकाने बोट दाखवीपर्यंत मला ती नुसती भेग वाटली होती; आता ती मला दुसरे काही वाटूच शकत नाही. शेजारच्या गुहेत पांढऱ्या, लाल आणि काळ्या रंगांतली चित्रे आहेत. पूर्वी फोटोत रंग उठून दिसावेत म्हणून काही मार्गदर्शक त्यांवर पाणी मारत असत, त्याची खूण अजून दिसते.

काळजी म्हणाल तर मुख्य गोष्ट कॅमेऱ्याची. खडकाचे काही भाग, विशेषतः ईशान्य बाजूचे, केवळ पुरुषांच्या किंवा केवळ स्त्रियांच्या विधींचे आहेत. ते पुरुषाने पाहू नयेत किंवा स्त्रीने पाहू नयेत, एवढाच हा नियम नाही. त्यांचे चित्रही भलत्या माणसाच्या नजरेस पडू नये, असा तो आहे. आपण काढलेला फोटो उद्या कोणाच्या मोबाइलवर जाईल हे आपल्या हातात नसते, म्हणून तिथे फोटोच काढायचा नाही. हे भाग कुठे सुरू होतात व कुठे संपतात त्याचे फलक असतात. ड्रोन उडवता येत नाही. सांस्कृतिक केंद्राच्या इमारतीत फोटो काढू देत नाहीत, आणि एखाद्या दिवंगत माणसाचे छायाचित्र झाकलेले दिसले तर झाकण उचलून पाहू नये. मृत व्यक्तीचे नाव व चेहरा काही काळ दूर ठेवण्याची तेथील रीत आहे. मुतिजुलू नावाची वस्तीही आहे, ती लोकांची राहती घरे आहेत, परवान्याशिवाय तिकडे गाडी वळवू नका. आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नाही, हे सांगायला नको.

स्पष्टवक्ता

वरील माहिती चांगली आहे, परंतु मला एक गोष्ट खटकते आणि ती लिहिणे भाग आहे. निसर्गाने कोट्यवधी वर्षांत घडवलेला खडक हा कोणत्याही एका समाजाच्या श्रद्धेचा विषय म्हणून बंद करणे मला योग्य वाटत नाही. उद्यानात शिरायला प्रौढ माणसामागे ३८ डॉलर घेतले जातात, ते उद्यान जागतिक वारसा म्हणून मिरवले जाते, आणि मग जगातून आलेल्या माणसाला इथे उभे राहा, तिथे फोटो काढू नका, वर पाहा पण जाऊ नका असे सांगितले जाते. धोका हे कारण असेल तर कठडे बांधावेत. श्रद्धा हे कारण असेल तर ज्याची श्रद्धा नाही, त्याला ते का लागू व्हावे?

पायवाट

स्पष्टवक्ते यांचा प्रश्न मी स्वतः २००४ साली असाच विचारला होता आणि त्याचे उत्तर म्हणून चढलेही होते, त्यामुळे त्यांच्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही. आमच्या सहलीच्या बसमधील मार्गदर्शकाने चढाईची वाट दाखवली, दोन तासांनी परत या म्हणाला आणि सावलीत जाऊन बसला. जुकुर्पा हा शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नाही. पायथ्याशी 'आम्ही चढत नाही, आपणही चढू नये' अशी विनंती अनेक भाषांत लिहिलेली होती आणि तिच्याजवळच खडकात मेलेल्यांचे स्मृतिफलक बसवलेले होते. आम्ही दोन्ही वाचले आणि साखळी धरली. वर सुसाट वारा होता, सभोवार लाल सपाटी होती, आणि आडोशाला गेलेली माणसे होती. वर शौचालय नाही, माती नाही. पाऊस आला की खडकावरचे सगळे वाहून पायथ्याच्या पाणवठ्यांत उतरते, त्याच पाणवठ्यांवर जनावरे येतात. हे मला खाली उतरल्यावर कळले. अणंगू चढणाऱ्यांच्या रांगेला मिंगा, म्हणजे मुंग्या, म्हणत असत, हेही नंतरच कळले, आणि तेव्हा फारसे हसू आले नाही.

आता प्रश्नाचे उत्तर. श्रद्धा नसली तरी आपण गाभाऱ्यात पायताण घालून जात नाही, आणि बऱ्याच देवळांच्या गाभाऱ्यात फोटोही काढू देत नाहीत. नास्तिक माणूससुद्धा तिथे वाद घालत बसत नाही. माझे आजोळ मावळात. तेथील देवराईतून वाळलेली काटकीसुद्धा चुलीसाठी कोणी आणत नसे. वनखात्याच्या माणसाला ती नुसती झाडी वाटेल, गावाला ती देवाची आहे हे ठाऊक होते, आणि बाहेरून आलेल्याने ते मानावे एवढी गावाची अपेक्षा होती. कठडे बांधण्याच्या सूचनेबद्दल एवढेच विचारते, की देवराईत पेव्हर ब्लॉक टाकले तर ती देवराई राहील का?

शिवाय ३८ डॉलरांचे तिकीट तीन दिवस चालते, १८ वर्षांखालील मुलांना ते नाही, आणि त्या पैशांचा चौथा हिस्सा अणंगूंना मिळतो. घरमालकाला भाडे देऊन आपण त्याच्या देवघरात बूट घालून फिरत नाही.

मूळ प्रश्नकर्त्यांसाठी एक हकिगत सांगते, कारण सहलीला गेले की खडा उचलून खिशात टाकायची आपल्याला सवय असते. ॲलिस स्प्रिंग्जच्या उत्तरेस सुमारे चारशे किलोमीटरवर कार्लू कार्लू नावाची जागा आहे; उघड्या माळावर ग्रॅनाइटचे प्रचंड गोल धोंडे एकावर एक तोललेले. इंग्रजांनी त्यांना सैतानाच्या गोट्या म्हटले. ऑस्ट्रेलियात विमानातून वैद्यकीय सेवा सुरू करणारे जॉन फ्लिन १९५१ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या समाधीवर ठेवण्यासाठी त्यातला एक धोंडा कोणालाही न विचारता ट्रकवर चढवून ॲलिस स्प्रिंग्जला नेण्यात आला. नेणाऱ्यांचा हेतू आदराचाच होता. पण तो धोंडा तेथील स्त्रियांच्या पवित्र स्थळाचा भाग होता, आणि तो परत मिळावा म्हणून त्या भागातील लोकांनी वर्षानुवर्षे मागणी केली. अखेर १९९९ मध्ये तो परत गेला, आणि समाधी उघडी पडू नये म्हणून ॲलिस स्प्रिंग्जच्या आर्रेंटे लोकांनी आपल्या भूमीतला दुसरा धोंडा देऊ केला. आजही फ्लिन यांच्या समाधीवर तोच आहे.

उलुरूच्या उद्यानाकडे तर जगभरातून टपालाने दगड परत येत असतात. कधी काळी पर्यटकांनी नेलेले खडे, चिमूटभर लाल वाळू, आणि सोबत माफीचे पत्र. कर्मचारी त्यांना 'माफीचे दगड' म्हणतात. त्यातला कोणता खडा नेमका कुठला, हे आता कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तो जागेवर ठेवताही येत नाही.

भूस्तर (नागपूर)

मी भूशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे आणि उलुरू एकदाच पाहिले आहे. किल्ले पाहणाऱ्या माणसाला दगड कळतो, या विश्वासाने वडिलांसाठी लिहितो.

उलुरू हा वाळवंटात ठेवलेला एकसंध धोंडा आहे ही समजूत पहिल्यांदा सोडावी. जमिनीखाली खोलवर गेलेल्या वालुकाश्माच्या थरांचे ते केवळ वर आलेले टोक आहे, मैदानापासून ३४८ मीटर उंच. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी तिथे उंच, उघडे डोंगर होते. त्यांची झीज होऊन पुराबरोबर आलेली वाळू एका ठिकाणी साठली आणि दगडगोटे दुसऱ्या ठिकाणी. वाळूचे उलुरू झाले, गोट्यांचे त्याच उद्यानातले काटा जूटाचे घुमट. नंतर त्यावर समुद्र आला, गेला, आणि सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी भूकवच असे दुमडले की उलुरूचे आडवे थर जवळजवळ उभे राहिले. आपल्या सह्याद्रीत बेसॉल्टचे थर पायऱ्यांसारखे आडवे दिसतात, कड्यावर आडव्या रेघा असतात. उलुरूवर त्याच रेघा उभ्या आहेत. आपण वडिलांना आधी काही सांगू नका, खडकासमोर उभे करून एवढेच विचारा की थर कोणत्या दिशेने आहेत. किल्ले पाहिलेला माणूस पाच मिनिटांत चक्रावतो.

लाल रंग हा गंज आहे. दगडातील लोहयुक्त खनिजे हवा-पाण्याने गंजली, म्हणून वरची साल लाल. गुहांमध्ये जिथे पापुद्रा नुकताच सुटला आहे तिथे आतला मूळ राखी दगड दिसतो.

काटा जूटा म्हणजे 'पुष्कळ डोकी'. ३६ घुमट, त्यातला सर्वांत उंच मैदानापासून ५४६ मीटर, म्हणजे उलुरूपेक्षा जवळजवळ दोनशे मीटरने अधिक, तरी पाहुणे तिथे कमी वेळ देतात. भिंतीजवळ गेलात तर मुठीएवढे, डोक्याएवढे गोटे वाळूत घट्ट रुतलेले दिसतात, जणू कोणी ओबडधोबड काँक्रीट ओतले आहे. वाल्पा घळीची वाट जाऊन येऊन २.६ किलोमीटर आहे. वाऱ्याच्या खोऱ्याची पूर्ण फेरी ७.४ किलोमीटर आणि काही ठिकाणी चांगलीच चढ-उताराची आहे. पहिल्या कारू टप्प्यापर्यंत जाऊन फिरले तरी चालते. ही जागा पुरुषांच्या कायद्याशी निगडित असून तिच्या कथा बाहेरच्यांना सांगत नाहीत. तिथे फलकांवर कथा का नाहीत, असा प्रश्न माझ्या सौभाग्यवतींना पडला होता, त्याचे उत्तर हेच.

लालमाती

भूस्तर सरांनी लिहिलेले वाचून आता मलाच पुन्हा जावेसे वाटते आहे.

चढायची हौस भागवायची असेल तर वाटार्का येथील किंग्ज कॅन्यन आहे, रिसॉर्टच्या यूलारा गावापासून सुमारे तीनशे किलोमीटर. कड्यावरची फेरी सहा किलोमीटरची असून सुरुवातीलाच सुमारे पाचशे पायऱ्यांचा खडा चढ आहे. ती वाट सर्वांना खुली आहे. गुडघ्याचा सल्ला घेऊन ठरवावे. गाडी अंधारात चालवू नका, कांगारू आणि मोकाट उंट रस्त्यावर येतात. जूनमध्ये दुपार सुखाची असते, पण पहाटे पारा शून्याखाली जाऊ शकतो, म्हणून सूर्योदय पाहायचा तर कानटोपी हवी. आणि ॲलिस स्प्रिंग्जहून गाडीने येणार असाल तर वाटेत डावीकडे सपाट माथ्याचा मोठा डोंगर दिसेल. त्याचे नाव अटिला. प्रत्येक गाडीत कोणीतरी एकजण 'आलं उलुरू' म्हणून ओरडतोच.

कृष्णाकाठ (मेलबर्न)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री वडिलांशी फोनवर बोललो. तेथील घड्याळ भारताच्या बरोबर चार तास पुढे असते एवढे सांगून सुरुवात केली आणि पायवाट यांची देवराईची गोष्ट वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "आमच्या गावच्या डोंगरावरही वरच्या टोकाला कोणी जायचे नाही, माझ्या आजोबांनी कधी कारण सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही." थरांच्या दिशेचा प्रश्न त्यांच्यापासून लपवून ठेवला आहे.

बेत असा ठरतो आहे: पहिल्या दिवशी दुपारी सांस्कृतिक केंद्र, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदक्षिणा, जमेल तेवढी, तिसरा दिवस काटा जूटासाठी, चौथा मोकळा. किंग्ज कॅन्यनबद्दल वडील उत्सुक आहेत आणि आई त्यांच्या गुडघ्याच्या बाजूने आहे.

आता आईचा एक प्रश्न, तिने मला विचारायला बजावले आहे. प्रदक्षिणा म्हटल्यावर तिने विचारले की तिथे नारळ फोडता येतो का, निदान चिमूटभर हळद-कुंकू वाहता येईल का?

लालमाती

आईंना सांगा, तसे करता येणार नाही. तो देव तिचा नाही, अणंगूंचा कायदा आहे, आणि त्या कायद्यात काय वाहायचे ते अणंगूच ठरवतात. खडकाच्या सच्छिद्र सालीवर कुंकवाचा डाग बसला तर तो निघत नाही, आणि आपल्या माणसांनी तसे करू पाहिलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. मुतिजुलूच्या पाण्यापाशी बाक आहेत, तिथे बसून त्यांनी डोळे मिटून हात जोडले तर कोणाचीही हरकत नसावी.

सांगलीहून नारळ आणणार असतील तर मेलबर्नच्या विमानतळावर तो जाहीर करावा लागेल आणि बहुधा तिथेच ठेवून घेतील. तुमच्या घराजवळच्या भारतीय दुकानातून घ्या आणि निघण्यापूर्वी घरीच फोडा. खोबरे सोबत घ्या, यूलाराच्या दुकानात भाजी बरी मिळते पण महाग असते. माशांची जाळी टोपीवरून घालायची असते. जूनमध्ये माशा कमी असतात, तरी चार घेऊन ठेवा.